चैत्रातली परसबाग

वाशीम, रिसोड, कारंज्याकडे चैत्र लागला की पारा चाळिशीकडे सरकतो आणि आपली काळी माती भेगाळते. त्या भेगांतून ओल उडते, बारीक मुळंही तुटतात. म्हणून वाफ्यात कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा आणि वर सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटं थर द्या. कुटार आपल्या गावोगावी मिळतं. ते जाळू नका, हे अगदी कळकळीनं सांगते. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना द्या.

भेंडी, गवार ऊन सोसतात. वेलांची मात्र अनेकांना काळजी वाटते, कारण दोडक्याची, दुधीची फुलं नुसतीच गळतात. पहिली फुलं बहुधा नर असतात, ती गळणारच. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. गच्चीवर मधमाश्या कमी फिरकत असतील तर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावा. दोडका, दुधी संध्याकाळी फुलतात, कारलं सकाळी. ही वेळ चुकली तर फळ धरत नाही.

वेल फुलावर असताना कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या मरतात. आणि मोगऱ्याचा बहर ओसरला की शेंडे छाटा. नव्या फुटीवर पुन्हा कळ्या येतात.