आम्हालाच का थांबवतात?
हरसूल येथे तरुण वाहनचालकांच्या बैठकीत केलेलं भाषण



बैठकीच्या आधी तुमच्याकडून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्यांत शब्द वेगळे, पण प्रश्न एकच आहे. एकानं लिहिलंय, "आम्हालाच का थांबवतात?" दुसऱ्यानं लिहिलंय, "लायसन्स बघेपर्यंत 'भाऊ' म्हणतात, नाव वाचलं की 'ए' म्हणतात." तिसऱ्यानं फक्त आकडा लिहिलाय, "दोनशे, बिनपावती." मी नाशिकच्या कोर्टात अपघाताच्या आणि गाड्यांच्या केसेस चालवतो, त्यामुळे हे मला नवीन नाही. पण उत्तर देताना मी तुम्हाला आवडेल तेवढंच बोलणार नाही.

आधी सरळ प्रश्न. पोलिसानं विनाकारण, कुठलाही संशय नसताना गाडी थांबवली तर ते बेकायदेशीर आहे का? नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. सार्वजनिक जागी गणवेशातल्या कोणत्याही पोलिसानं मागितलं की चालकानं लायसन्स दाखवायचं. "माझा गुन्हा काय ते आधी सांगा" असं म्हणून कागद दाखवायला नकार देता येत नाही. अमेरिकेत सुप्रीम कोर्टानं १९७९ साली उलटा निकाल दिला होता, की नुसतं लायसन्स बघायला वाटेल ती गाडी अडवता येणार नाही, काहीतरी संशय हवा. इथले बरेच व्हिडिओवाले तिकडचं ऐकून तुम्हाला शिकवतात. आपला कायदा इंग्लंडच्या वळणाचा आहे. तिथंही गणवेशातला शिपाई कोणतीही गाडी थांबवू शकतो.

आणि आपल्या भागात तपासणीला कारणं नाहीत असं कोण म्हणेल? गुजरात आणि दादरा-नगर हवेलीची हद्द इथून जवळ. तिकडची स्वस्त दारू चोरून आणतात ती याच रस्त्यांनी, म्हणून राज्य उत्पादन शुल्कवाले उभे असतात. जंगलातला खैर तोडून रातोरात नेतात, म्हणून वनखात्याचं पथक. आरटीओचं वायुवेग पथक वेगळं. आठवडी बाजाराला काळी-पिवळीत किती माणसं कोंबतात आणि घाटात ती जीप कशी उतरते, हे मी तुम्हाला सांगायला नको. जादा बसवलेल्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. तो कमीच आहे असं माझं मत.

म्हणजे थांबवणं बरोबर. पण 'थांबवणं' या एका शब्दात आपण चार-पाच गोष्टी कोंबतो, आणि खरी गडबड तिथं आहे.

कागद बघणं ही पहिली गोष्ट. ते मोबाइलवर दाखवले तरी चालतात. २०१८ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, नियम १३९. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी हे मूळ कागदासारखंच धरायचं. गॅलरीतला फोटो मात्र त्यात बसत नाही, हे लक्षात ठेवा. इथं घाटात रेंज जाते, म्हणून निघण्याआधी ॲप उघडून ठेवा. एखादा कागद जवळ नसेल तर तो १५ दिवसांत सादर करायची सोय त्याच नियमात आहे. पिकअपवाल्यांसाठी आणखी एक. "हलक्या वाहनाचं लायसन्स आहे, मालवाहूचं कुठंय?" असं विचारून अनेकांना अडवलं जायचं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हा वाद मिटवला. साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. हे वजन गाडी आणि माल मिळून धरायचं, ते आरसीवर लिहिलेलं असतं.

लायसन्स जप्त करणं ही वेगळी गोष्ट. कलम २०६ प्रमाणे ते करता येतं, पण कारण हवं आणि पोच द्यावीच लागते. गाडी अडकवून ठेवणं आणखी वेगळं. कलम २०७ मध्ये त्याची कारणं मोजकी दिलीत. नोंदणी नाही, परमिट नाही, चालकाकडे लायसन्स नाही, चालक अल्पवयीन आहे, अशी. तिथंही पोच. आणि किल्ली काढून घेणं? या कायद्यात तसा अधिकार देणारं कलम मला तरी सापडलेलं नाही. पण म्हणून किल्लीवरून रस्त्यात झोंबाझोंबी करू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झाला की किल्लीचा मुद्दा कुणी ऐकत नाही.

झडतीचं तसंच. कागद बघायला संशय लागत नाही, झडतीला कारण लागतं. उत्पादन शुल्क आणि वनखात्याला त्यांच्या कायद्यानं झडतीचे अधिकार आहेत, पोलिसांनाही आहेत. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १०५ मध्ये, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलंय, जप्त मालाच्या यादीसकट. मोबाइल उघडून चॅट वाचणं तर कागद तपासण्याचा भाग नाहीच.

आणि दंड. दंड म्हणजे चलान, पावती, नंबर. बिनपावतीचे दोनशे म्हणजे दंड नव्हे, लाच. एकदा मी स्वतः एका पक्षकाराबरोबर रात्री जिल्ह्यातल्या एका नाक्यावर थांबलो होतो. त्याची पीयूसी संपली होती. "तीनशे द्या आणि जा." मी म्हटलं, "साहेब, चलान करा." त्यावर साहेब पक्षकारालाच म्हणाले, "वकील आणलाय तर महागात पडेल." चलान झालं, आणि ते तीनशेपेक्षा महाग होतं हेही खरं. माझा पक्षकार आठवडाभर माझ्यावर नाराज होता. हिशेबानं तो चुकत नव्हता. बिनपावतीचे पैसे आपल्याला स्वस्त पडतात, म्हणून तर ते चालतात. फक्त पुढच्या वेळी त्याच नाक्यावर आपली गाडी कुणाच्या लक्षात राहते, हे त्या हिशेबात धरलेलं नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आम्हालाच का?

'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' यांनी २०१९ साली २१ राज्यांतल्या सुमारे १२ हजार पोलिसांना विचारून एक अहवाल काढला. त्यातल्या साधारण निम्म्या पोलिसांना कमी-जास्त प्रमाणात असं वाटत होतं, की मुसलमान स्वभावतःच गुन्ह्याकडे वळतात. हे पोलिसांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्यामुळे एमएच ४१ ची पाटी, म्हणजे मालेगाव, किंवा लायसन्सवरचं नाव पाहून सूर बदलतो असं तुम्ही म्हणता, तेव्हा मी ते उडवून लावणार नाही.

पण कोर्टात उभा राहिलो की मला विचारतात, पुरावा काय? एका गाडीवरून काहीच सिद्ध होत नाही. पोलीस म्हणतील, हेल्मेट नव्हतं, आणि खरंच नसतं. इंग्लंडमध्ये झडती घेतली की तिची नोंद होते, त्या माणसाचा वंश कोणता हेसुद्धा त्यात लिहितात. म्हणून तिथं काळ्या तरुणांची झडती किती पट जास्त होते यावर दरवर्षी सरकारला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे चलान झालं तर त्याची नोंद. थांबवलं, वीस मिनिटं उभं केलं, दोन शब्द ऐकवले आणि सोडून दिलं, त्याची कुठंच नोंद नाही. कुणाला किती वेळा थांबवलं हे पोलीस अधीक्षकांनाही सांगता येणार नाही. ती नोंद आपण ठेवायची, हे सांगायला मी आज आलोय.

त्याआधी एक फरक मनात पक्का करा. गणवेश नसलेल्या माणसाला तुमची गाडी थांबवण्याचा अधिकार नाही. हे मी नाशिक जिल्ह्यात उभा राहून बोलतोय. २०२३ च्या जूनमध्ये इगतपुरी-घोटीच्या भागात पंधरवड्यात दोन वेळा गाड्या अडवल्या गेल्या आणि दोन तरुण मारले गेले, एक भिवंडीचा, एक कुर्ल्याचा. अडवणारे पोलीस नव्हते. गोरक्षणाच्या नावानं जमलेली टोळी होती.

गोवंशाबद्दलचा राज्याचा कायदा १९७६ चा, त्यात २०१५ मध्ये मोठा बदल झाला. तो आपल्याला पटो न पटो, तोसुद्धा गाडी थांबवून तपासायचा अधिकार कुणाला देतो? उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलिसाला, किंवा सरकारनं रीतसर अधिकार दिलेल्या माणसाला. कुणी म्हणेल, नागरिकालाही अटक करता येते. येते, पण स्वतःच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा घडला तर, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. संशयावरून गाडी अडवून डिकी उघडायला लावणं त्यात कुठंच बसत नाही. तो अडवणुकीचा गुन्हा आहे.

रात्री टोळी समोर असताना मात्र यातलं काहीही सांगत बसू नका. काचा वर, दरवाजे बंद, ११२ ला फोन, ठिकाण सांगा, गाडी वस्तीकडे, पेट्रोल पंपाकडे किंवा पोलीस ठाण्याकडे न्या. १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तहसीन पूनावाला खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात झुंडबळी रोखण्यासाठी अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलंय. नाशिक ग्रामीणमध्ये तो कोण, त्याचा फोन कुठला, हे आपण लेखी विचारू आणि उत्तर मशिदीत, चहाच्या टपरीवर, जीप स्टँडवर लावू.

उलटी बाजूही आहे. टोळीच्या भीतीनं आपली पोरं आता खऱ्या नाकाबंदीतही थांबत नाहीत, गाडी पळवतात. अंधारात पळणारी गाडी पोलिसाला काय वाटेल? पाठलाग होतो आणि घाटात अपघात होतो. गणवेश, बॅरिकेड, पोलिसांची गाडी दिसली की थांबा, आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर दिसू द्या. शंका असेल तर ११२ वर विचारा, "इथं नाकाबंदी आहे का?"

आता वही. रकाने साधे आहेत. तारीख, वेळ, जागा, कोणत्या खात्याचं पथक, काय कारण सांगितलं, काय तपासलं, किती मिनिटं लागली, चलान झालं का, नंबर काय, पैसे मागितले का, भाषा कशी होती. छातीवरच्या पट्टीवरचं नाव दिसलं तर तेही. नीट वागलेल्या पोलिसाचीही नोंद करायची. नाहीतर ती वही तक्रारींची होईल आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. हेल्मेट नव्हतं, तिघे बसलो होतो, हे घडलं असेल तर तेही लिहायचं.

वही फक्त आपली नको. कोकणा, वारली, महादेव कोळी पोरांना बाजाराच्या दिवशी कसं अडवतात हे आज इथं बसलेले चौघे सांगतील. २०१५ च्या जुलैत या गावात दुकानं जळाली, पोलीस गोळीबारात जीव गेला. त्यानंतर आपण एकमेकांच्या टपरीवर बसणंसुद्धा कमी केलं. या वहीत दोघांच्या नोंदी एकाखाली एक आल्या तर कदाचित दिसेल की अडवणूक नावावरून होते, की गरिबीवरून, की जुन्या गाडीवरून. मला त्याचं उत्तर आज माहीत नाही. माझा अंदाज चुकला तरी चालेल.

सहा महिन्यांनी ती वही घेऊन आपण अधीक्षकांना भेटू. पैशाच्या मागणीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर आहे, गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. मोबाइलवर चित्रण करायचं असेल तर अंतर ठेवून, शांतपणे, कामात आडवं न येता करा. आणि पोलिसांनीही खासगी मोबाइलवर तुमच्या गाडीचा फोटो काढून मागाहून चलान टाकू नये, असा आदेश २०२५ च्या जुलैत त्यांच्याच वाहतूक विभागानं काढलाय. कलम २१० ब सुद्धा वाचा. कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड आहे.

शेवटचं पालकांसाठी, मागे काही जण उभे आहेत. पंधरा-सोळाच्या पोराच्या हातात बाइक दिली आणि तो पकडला गेला, तर कलम १९९ अ प्रमाणे शिक्षा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला होते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. त्या वेळी मला फोन करून "आम्हालाच का" असं विचारू नका.

वही टेबलावर आहे. गेल्या महिन्यातलं ज्यांना नक्की आठवतं त्यांनी जाण्याआधी लिहा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजाऱ्यानं लिहावं. लर्निंग लायसन्सचे अर्ज पलीकडच्या बाकावर भरून मिळतील, आधार कार्ड आणलं असेल तर आत्ताच. आता प्रश्न विचारा, आधी मागच्या रांगेतून.