एका कोंबाचे झाड

हावड्यानजीक शिवपूरच्या वनस्पती-उद्यानातील विख्यात वटवृक्षाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. पारंब्यांच्या आधारे तो वृक्ष मात्र आजही उभा आहे. गोव्यात दारोदारी असणाऱ्या माडाला ही सवलत नाही. त्याच्या वाढीचा सारा भार शेंड्यातील एकाच कोंबावर असतो. पानांच्या बगलेत इतर वृक्षांना फांद्या फुटतात, तेथे माडाला पोयी येतात. फांदीच्या जागी फळ. सौदा वाईट नव्हे! परंतु गेंड्या भुंगा पोखरीत त्या कोंबापर्यंत पोचला, की भरल्या नारळांचे झाड उभ्याउभ्या मरते. म्हणूनच शेंड्याशी ताजा भुसा दिसताच जाणता बागाईतदार माडावर चढवून भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढवितो.