मातृदिनातल्या माता कुठं गेल्या?

(मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी वस्तीच्या वाचनालयात केलेलं भाषण)



माझ्या मागं भिंतीवर तुम्ही गुलाबाचं चित्र चिकटवलंय आणि खाली लिहिलंय, 'आई महान'. पोरांनी मेहनतीनं केलंय, त्यांच्यावर राग नाही. पण सकाळपासून पाच जणांनी मला मोबाईलवर असाच गुलाब पाठवला आणि त्या पाचांपैकी एकाच्याही घरी आज आईला सुट्टी नाही. म्हणून म्हटलं, हा दिवस आला कुठून ते तरी बघू.

आला अमेरिकेतून. व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात ॲन रीव्ह्ज जार्विस नावाची बाई होती. बाळंतपणं डझनाच्या आसपास, जगून मोठी झाली ती चारच लेकरं. गोवर, घटसर्प, टायफॉइड, असल्या रोगांचा तो काळ. रडली असेलच. पण 1858 साली तिनं आसपासच्या गावांतल्या बायका गोळा करून मंडळं काढली : 'मदर्स डे वर्क क्लब'. नावातच काम होतं. या बायका दूध तपासायच्या. घाण, सांडपाणी, पिण्याचं पाणी याबद्दल घरोघर जाऊन सांगायच्या. औषधासाठी वर्गणी काढायच्या. एखादी आई क्षयानं अंथरुणाला खिळली तर तिचं घर चालवायला पगार देऊन बाई ठेवायच्या. 1861 ला यादवी पेटली तेव्हा त्यांनी दोन्ही फौजांच्या सैनिकांची सेवा केली. 1868 ला तर ॲनबाईनं एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या माणसांना घरच्यांसकट एका आवारात आणून बसवलं. दोन वर्षांनी बॉस्टनच्या ज्युलिया वॉर्ड हाउनं जगातल्या बायांना हाक दिली की युद्धाविरुद्ध एक व्हा.

तर हा मातांचा दिवस. अनेकवचनी. काम करणाऱ्या मातांचा.

पण इथंही एक जागा रिकामी आहे. याच व्हर्जिनियात 1662 पासून कायदा होता : गुलाम बाईच्या पोटचं मूल गुलाम. बाप मालक का असेना! आपल्याकडं जात बापावरून चालते, तिथं गुलामी आईवरून चालवली. म्हणजे आईपण हाच मालकाचा नफा. शेजारच्या मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसनं लिहून ठेवलंय की त्याला आई भेटली आयुष्यात चार-पाच वेळा, तीही रात्री. दिवसभर शेतात राबून ती बारा मैल चालत यायची, त्याला थोपटून निजवायची आणि तो उठायच्या आत परत. ती मेली तेव्हा पोरगा सात वर्षांचा असेल-नसेल. या आयांना कुणाचं फूल?

ॲनबाई 1905 ला वारली. तिची मुलगी ॲना हिनं 10 मे 1908 रोजी ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आईच्या नावानं प्रार्थना ठेवली, पाचशे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. स्वतः ती त्या दिवशी फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या दुकानाच्या सभागृहात होती. दुकानात! 1914 साली राष्ट्राध्यक्ष विल्सननं मे महिन्यातला दुसरा रविवार जाहीर केला. ॲनाचा एक हट्ट होता : नाव एकवचनीच लिहायचं. ज्याची त्याची एकच आई, ज्याच्या त्याच्या घरात. इथंच गोम आहे. दूध गेलं, सांडपाणी गेलं, वर्गणी गेली. राहिलं फूल. आणि फूल म्हटलं की फुलवाला आलाच, मागोमाग कार्डवाला आणि मिठाईवाला. मग हीच ॲना त्यांच्यावर तुटून पडली. 1925 ला युद्धात मुलं पाठवलेल्या मातांच्या परिषदेत ती भांडायला शिरली, कारण त्या कार्नेशन विकून निधी जमवत होत्या. शांतताभंगाखाली तिला अटक झाली. 1948 साली सॅनिटोरियममध्ये मेली, हातात पैसा नव्हता. लोक तिची हळहळ करतात, मलाही वाटते. पण व्यापाऱ्यांना दार कुणी उघडून दिलं, हेही बघा ना!

माझी माय चार घरची भांडी घासायची. एका घरच्या बाईनं एकदा तिला या दिवशी गुलाब दिला. महिन्याच्या शेवटी दोन खाड्यांचे पैसे कापले. खाडे कशाचे, तर मला ताप होता त्याचे. गुलाब मायनं पाण्यात ठेवला होता, तीन दिवस टिकला.

आता एक अलीकडची गोष्ट सांगून बसतो. अमेरिकेच्या तुरुंगांत खटल्याआधीच हजारो बायका पडून असतात, गुन्हा शाबित झालेला नसतो, फक्त जामिनाचे पैसे नसतात. त्यात काळ्या बायका किती, ते तुम्ही ओळखलंच असेल. 2017 च्या मे महिन्यात काळ्या संघटनांनी वेगवेगळ्या शहरांत वर्गण्या काढल्या आणि मातृदिनाच्या आत कितीतरी काळ्या आयांचे जामीन भरून त्यांना घरी आणलं. पुढल्या वर्षांतही हे चालू ठेवलं. आपल्या या वस्तीतल्या किती बायका जामिनावाचून आत आहेत, याची यादी इथं कुणाकडं आहे का?

नसेल तर वही काढा. नावं घेऊ.