भाकरी होईपर्यंत मोबाइल?

गटाची बैठक उरकून घरी आले, की भाकरी होईपर्यंत मीही लेकीच्या हातात मोबाइल द्यायचे. चार वर्षांची पोर रात्री अकरापर्यंत जागायची आणि सकाळी अंगणवाडीत रडायची, चावायची. मी तिला हट्टी म्हणायचे. खरं तर तिची झोपच होत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय : तीन-चार वर्षांच्या लेकराला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी, मोबाइल-टीव्ही तासाभरापेक्षा जास्त नको. दोन वर्षांच्या आत तर नकोच.

मी मोबाइल कपाटात ठेवला. चार दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. आता ती पिठाच्या गोळ्याशी खेळते, गोष्ट ऐकत नऊला झोपते. मात्र आधी माझा मोबाइल बाजूला ठेवावा लागला, बायांनो!