शस्त्रक्रिया हृदयाची, काळजी पायाची
(सुरत येथील मराठी भाषकांपुढे केलेले भाषण)



धुळे, जळगाव, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरतेस आली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत स्थिरावली. यंत्रमागापुढे बारा-बारा तास उभे राहणाऱ्याचा पाय हा त्याच्या संसाराचाच आधार होय. म्हणूनच हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर क्वचित उद्भवणाऱ्या, परंतु पाय गमावण्याची वेळ आणणाऱ्या एका उपद्रवाविषयी मी बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टरांचे सांगणे आपणांपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम.

पायातील नीला काढून ती हृदयाच्या रोहिणीस जोडण्याची पद्धत डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ पासून अमेरिकेत रूढ केली. त्यामुळे ‘शीर काढली, म्हणून पायाचे रक्त तुटले’ असा समज आढळतो. तो बरोबर नाही. नीला रक्त हृदयाकडे परत नेते, आणि ते काम खोलवरच्या इतर नीला सांभाळतात. त्या पायास काही आठवडे थोडी सूज असणे, टाक्यांजवळ दुखणे हे नेहमीचेच आहे.

खरा धोका आहे तो पायास रक्त पुरविणारी रोहिणी बंद पडण्याचा. शस्त्रक्रियेनंतर ठोके अनियमित झाल्यास हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती पायाच्या रोहिणीत अडकू शकते. दुर्बळ हृदयास साह्य म्हणून जांघेतून फुग्याची नळी घातली असल्यास तिनेही प्रवाह अडू शकतो. मधुमेहाने वा विडी-सिगारेटने ज्यांच्या रोहिण्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यांना हे भय अधिक. चालताना पोटरी दुखते आणि थांबताच शमते, असे होत असल्यास ते शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांच्या कानी घालावे.

शुश्रूषा करणाऱ्याने दोन्ही पावले रोज हाताने चाचपून पाहावीत. एखादे पाऊल एकाएकी थंडगार वा फिकट पडले, असह्य दुखू लागले, बधिर झाले किंवा बोटे हलेनाशी झाली, तर रुग्णालयात परिचारिकेस तत्काळ सांगावे. घरी असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेल चोळू नये, शेक देऊ नये. बधिर पायास भाजल्याचेही कळत नाही. साधारण सहा तासांत रक्त पुन्हा वाहू लागले नाही, तर स्नायूंची व मज्जातंतूंची कायमची हानी होऊ लागते. डॉ. थॉमस फोगर्टी यांनी १९६३ साली पुढे आणलेल्या फुग्याच्या नळीने गुठळी ओढून काढता येते. मात्र रुग्ण वेळेवर पोहोचावयास हवा. ‘सकाळी पाहू’ हे दोन शब्दच पाय घालवितात.

शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी गावी जाण्याची आपली रीत आहे. अशांनी निघण्यापूर्वीच, गावापासून जवळ रक्तवाहिन्यांवर उपचार होणारे रुग्णालय कोणते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. गावच्या शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघर सांगावी, अशी माझी विनंती आहे. हृदय वाचले, आता पायही राखू या.