विश्वासाची गाडी

हिंगोली जिल्ह्यांत हळद शिजवून वाळली, कीं शेतकऱ्यापुढें प्रश्न उभा राहतो: वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारांत माल सुखरूप पोंचविणारी गाडी कोणती? वर्षाची मेहनत त्या पोत्यांत असते. गाडी वाटेंत बसली आणि वळवाचा पाऊस आला, तर सारेंच भिजतें.

टाटांनीं २००५ सालीं ‘एस’ ही गाडी काढली. लोकांनीं तिला ‘छोटा हत्ती’ म्हटलें. परंतु तिचें पहिलें यंत्र दोनच सिलिंडरांचें आणि भार सुमारें पाऊण टन, म्हणजे पन्नास किलोंचीं पंधरा पोतीं. २०११ सालीं आलेली अशोक लेलंडची ‘दोस्त’ सव्वा टन, म्हणजे पंचवीस पोतीं, वाहते. १९४७ पासून जीप जोडीत आलेल्या महिंद्रांची ‘बोलेरो पिकअप’ दीड टनाहून अधिक भाराच्या घडणींतहि मिळते.

मग विश्वासू कोणती? पंधरा पोत्यांच्या गाडीवर तीस रचलीं, तर पाटे दबतात, टायर तापून फुटतो, उतारावर ब्रेक धरीत नाहीं. आणि दोष मात्र कारखान्याच्या माथीं बसतो. सेनगांव-औंढ्याकडील खेड्यांत दुसरी कसोटीहि तितकीच खरी: मिस्त्री किती दूर आहे, आणि सुटा भाग त्याच दिवशीं मिळतो काय?

म्हणून घेणाऱ्यानें आधीं आपलीं पोतीं मोजावीं, मग मिस्त्रीचें दुकान विचारावें, आणि कारखान्याचें नांव शेवटीं पाहावें. बैलांचा खांदा पाहून गाडी भरणाऱ्याला हा हिशेब नवा नाहीं.