दहा मुलांचे कुटुंब
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तरास मंडळाने आज येथे उभे केले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. विद्वत्तेचे बोल आमच्यापाशी नाहीत. उभा जन्म मुलांत गेला, त्यातील एक अनुभव तेवढा निवेदन करावयाचा आहे.

आमच्या सातवीच्या वर्गात पासष्ट मुले होती. एके वर्षी शेवटच्या बाकावरील एक मुलगा येईनासा झाला. हजेरीपटावर आम्ही रोज नियमाने गैरहजेरीची खूण करीत होतो. बारा दिवसांनी त्याची आई दाखला मागावयास आली, तेव्हा कळले की, वडील अंथरुणास खिळले आहेत आणि मुलगा वीटभट्टीवर जाऊ लागला आहे. "गुरुजी, त्याला वाटलं होतं, शाळेतून कुणीतरी बोलवायला येईल," एवढेच ती माउली म्हणाली. आमची मान खाली गेली. त्याच सायंकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. परंतु फार उशीर झाला होता. तो पुन्हा शाळेत आला नाही.

पुढील वर्षी आम्ही वर्गाची सहा लहान कुटुंबे केली. प्रत्येकात दहा-अकरा मुले. हुशार व मागे पडलेली, गावातील व वाडीवरची, सर्व जातींची एकत्र. शनिवारी शाळा सुटल्यावर एकेका कुटुंबासह आम्ही कडुनिंबाखाली अर्धा तास बसत असू. तेथे अभ्यासाचा विषय नसे. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाचा कोणाशी अबोला आहे, कोणापाशी वही नाही, हीच बोलणी होत. एखादा मुलगा दोन दिवस आला नाही, तर दोघांनी त्याच्या घरी जावयाचे, हा नियम. खोटे बोलू नये, असे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. आपल्या खोटेपणाने नऊ सोबत्यांना खाली पाहावे लागते, हे मात्र मुले त्या झाडाखाली शिकली.

ही वाट थोरांनी पूर्वीच घालून दिलेली आहे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालय सांभाळताना ते स्वतः मुलांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत. शंभर उपदेशांनी जे साधत नाही, ते त्या झाडूने साधले. त्याच साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. धान्य सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांसाठी आपले मंगळसूत्रही मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. राग मानू नये. शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरास मराठा वसतिगृहाचा पाया घातला, आणि पुढे तेथे निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे झाली. खेड्यातील गरीब मुलास शहरात पाठ टेकावयास जागा नव्हती, म्हणून ती आवश्यकच होती. परंतु साताऱ्याची पंगत ही त्यापुढील पायरी होय. मंडळाने वसतिगृह काढण्याचे योजिले आहे. आमची विनंती अशी की, त्यात काही जागा इतर ज्ञातींच्या मुलांस ठेवाव्यात. दर दहा मुलांमागे आपल्यापैकी एका गृहस्थाने व एका भगिनीने पालकत्व पत्करावे. आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत जेवावे, आणि कोणी दिसला नाही तर त्याच दिवशी विचारपूस करावी. देणगी देणारे हात पुष्कळ आहेत. वेळ देणारी माणसे हवी आहेत.

कोणीतरी बोलवायला येईल, अशी वाट पाहणारे मूल आजही कोठेतरी असेल. त्याच्या दारी आपण वेळेवर पोहोचावे, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय हिंद!